थोर गिटारवादक कोणास म्हणावे?

रॉक संगीतातील सर्वांत थोर गिटारवादक कोण, हा वाद गेली पन्नास-साठ वर्षे जगभर चालू आहे आणि तो मिटण्याचे चिन्ह दिसत नाही. जिमी हेंड्रिक्स की एरिक क्लॅप्टन, जिमी पेज की एडी व्हॅन हॅलन, अशा जोड्या लावून तरुण मंडळी तासन्‌तास भांडतात. हे भांडण लंडन-न्यूयॉर्कमध्ये होते, तसे आपल्याकडे शिलाँगमध्ये, कोलकात्यात आणि मुंबईतही होते. ज्यांचा कान ख्यालावर, ठुमरीवर किंवा नाट्यसंगीतावर घडला आहे, अशा श्रोत्यांना हा वाद प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडे खोल पाहिले, तर त्याचे स्वरूप आपल्या पूर्ण परिचयाचे आहे असे आढळून येईल. तान मोठी की आलाप मोठा, तयारी श्रेष्ठ की भाव श्रेष्ठ, परंपरा राखणारा थोर की तिला नवे वळण देणारा थोर, हे प्रश्न आपल्या बैठकींतून पिढ्यान्‌पिढ्या घोळत आले आहेत. वाद्य निराळे, देश निराळा. प्रश्न मात्र एकच. कलावंताचे मोठेपण कोणत्या मापाने मोजावे?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. माप चुकले म्हणजे दोन प्रकारचे नुकसान होते. ज्यांनी खरोखर काही निर्माण केले त्यांची नावे मागे पडतात, हे एक. आणि नव्याने शिकणारी मुले भलत्याच गोष्टीच्या मागे लागून उमेदीची वर्षे खर्ची घालतात, हे दुसरे. दुसरे नुकसान मला अधिक मोठे वाटते, कारण त्याची नोंद कोठेच होत नाही.

प्रथम वाद्याविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. साध्या गिटारीचा आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीतून येतो. विजेच्या गिटारीचे तसे नाही. तिच्या तारा पोलादी असतात आणि तारांच्या खाली लोहचुंबके बसवलेली असतात. त्या चुंबकांभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे गुंडाळलेले असते. वरची तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो, तो ध्वनिवर्धकात जाऊन कित्येक पटींनी वाढतो आणि कर्ण्यातून आवाज होऊन बाहेर पडतो. १९३० नंतरच्या दशकात ही युक्ती प्रचारात आली ती एका साध्या हेतूने. नाचगाण्याच्या मेळ्यात ढोल आणि पितळी वाद्यांच्या गजरात बिचारी गिटार ऐकू येत नसे. ती ऐकू यावी, एवढेच. पुढे १९५० साली लिओ फेंडर याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, १९५२ साली गिब्सन कंपनीची ‘लेस पॉल’ आली आणि १९५४ साली फेंडरचीच ‘स्ट्रॅटोकास्टर’. रॉक संगीताचा बहुतेक इतिहास या दोन-तीन प्रकारच्या वाद्यांवर घडला आहे.

पण ऐकू येण्यासाठी केलेल्या या सोयीतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. ध्वनिवर्धकावर त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकला, की तो आवाज जसाच्या तसा मोठा करीत नाही. त्याला फाडतो, खरखरीत करतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. १९५१ साली मेम्फिस शहरात ‘रॉकेट ८८’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा वाटेत बिघडलेल्या ध्वनिवर्धकाचा फाटका आवाज तसाच राहू दिला गेला, असे सांगतात. १९५८ साली लिंक रे या वादकाने कर्ण्याच्या पडद्याला मुद्दाम भोके पाडून ‘रम्बल’ नावाची धून वाजवली. तिच्यात एकही शब्द नाही; तरीसुद्धा तरुणांची माथी भडकतील या धास्तीने अमेरिकेतील काही नभोवाणी केंद्रांनी ती वाजवण्याचे नाकारले. शब्दावाचून केवळ नादाला बंदी व्हावी, ही घटना विचार करण्याजोगी आहे. या नादात काही अर्थ आहे, हे रसिकांच्या आधी बंदी घालणाऱ्यांनी ओळखले!

आता मापांकडे वळू. सर्वांत लोकप्रिय माप वेगाचे. एका सेकंदात किती स्वर निघाले, हे मोजता येते, आणि जे मोजता येते ते लवकर पटते. १९८४ साली स्वीडनच्या इंग्वी माल्मस्टीन याची ‘रायझिंग फोर्स’ ही ध्वनिमुद्रिका आली, तेव्हा पाश्चात्त्य अभिजात संगीतातील पागानिनीच्या व्हायोलिनची चपळाई गिटारीवर उतरलेली पाहून लोक थक्क झाले. त्यामागील मेहनत खरी होती, बोटांची स्वच्छता वादातीत होती. आपल्याकडेही सपाट तान घेणाऱ्या गवयाला ‘काय तयारी आहे!’ अशी दाद मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. परंतु वेग हेच थोरपण असेल, तर अधिक जलद वाजवणारा भेटताच पहिल्याचे थोरपण संपले पाहिजे. तसे होत नाही. आज अवघ्या दहा-बारा वर्षांची मुले १९८० च्या सुमाराचे अवघडातले अवघड तुकडे बिनचूक वाजवून दाखवतात. आपण कौतुकाने पाहतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. वेग ही कलावंताची शिदोरी आहे. ती जवळ असावी. पण शिदोरी मोठी म्हणून कोणी मुक्कामाला पोहोचला असे ठरत नाही.

दुसरे माप अग्रमानाचे: अमुक गोष्ट प्रथम कोणी केली? हे माप अधिक प्रतिष्ठित आहे, कारण त्याला इतिहासाचा आधार असल्यासारखा वाटतो. पण नेमका इतिहासच त्याला दगा देतो. चक बेरीच्या ‘जॉनी बी. गूड’ या १९५८ सालच्या गाण्याचा आरंभ रॉक गिटारीचा मंगलाचरणाचा श्लोक म्हणावा इतका प्रसिद्ध आहे. तो आरंभ लुई जॉर्डनच्या १९४६ सालच्या एका गाण्यातील कार्ल होगन या वादकाच्या सुरावटीवरून घेतलेला आहे, आणि बेरीने होगनचे ऋण लपवले नाही. एडी व्हॅन हॅलनची ‘इरप्शन’ ही धून १९७८ साली आली; अवघ्या १ मिनिट ४२ सेकंदांची. तिच्यात उजव्या हाताची बोटेही गिटारीच्या पडद्यांवर नाचतात आणि स्वरांचा धबधबा कोसळल्यासारखा होतो. पण दोन्ही हातांनी वाजवण्याची ही रीत स्टीव्ह हॅकेट याच्या वादनात १९७१ सालीच आढळते. म्हणजे बेरी आणि व्हॅन हॅलन यांपैकी कोणीही ‘पहिला’ नाही. तरीही लोकांच्या स्मरणात ते राहिले, आणि ते केवळ नशिबाने राहिले असे मला वाटत नाही.

येथे मला जे माप योग्य वाटते ते सांगतो. एखाद्या वादकाचे तंत्र सर्वांच्या हाती गेल्यावर, त्याची सर्व प्रकारे नक्कल होऊन गेल्यावर, त्याच्यापाशी जे शिल्लक राहते ते त्याचे थोरपण. ‘इरप्शन’ निघाल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत गावोगावची पोरे दोन्ही हातांनी गिटार वाजवू लागली. रीत सार्वजनिक झाली. पण व्हॅन हॅलनच्या वादनात एक खेळकरपणा आहे, लयीवर झोका घेत असल्यासारखा डौल आहे. तो कोणालाही उचलता आला नाही. २०२० साली तो वारला, तेव्हा त्याच्या रीतीचे वारस हजारो होते आणि त्या डौलाचा वारस एकही नव्हता. तंत्र हे दान देता येते. जे देऊ म्हटले तरी देता येत नाही, तेथे कलावंत सुरू होतो.

असे हे न देता येणारे कोठून येते? दोन उदाहरणे पाहू. बी. बी. किंग हा मूळचा ब्लूज संगीताचा वादक. १९२५ साली मिसिसिपीत जन्मला, २०१५ साली निवर्तला. रॉकच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गिटारवादकाने त्याच्याकडून काहीतरी घेतले आहे. त्याच्या आईचा चुलतभाऊ बुका व्हाइट तारेवर धातूची नळी सरकवून गिटार वाजवीत असे, आणि त्या घसरत्या, थरथरत्या आवाजाने किंग लहानपणी वेडा झाला होता. पण नळीने वाजवणे त्याला साधेना. मग त्याने नुसत्या बोटाने तार बाजूला ओढून आणि मनगट हलवून तो थरार काढण्याचा प्रयत्न चालवला. सितारीवर मींड काढताना तार पडद्यावर बाजूला खेचतात, त्याच जातीची ही क्रिया. न साधलेल्या गोष्टीच्या या पाठलागातून असा एक स्वर निर्माण झाला, की किंगने एकच तार एकदाच छेडली तरी जाणकाराने डोळे मिटून त्याचे नाव सांगावे. बालगंधर्वांनी नुसता षड्ज लावला तरी आपले वडीलधारे ओळखीत, तसे. त्याने फार स्वर वाजवले नाहीत. त्याला तशी गरज नव्हती.

दुसरे उदाहरण टोनी आयोमी याचे. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी तो पत्रे कापण्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारीच्या पडद्यांवर फिरणारा त्याचा हात हाच. वैद्यांनी आशा सोडली. तेव्हा कारखान्यातील त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट याची ध्वनिमुद्रिका आणून ऐकवली आणि मग सांगितले, की १९२८ साली आगीत भाजून या वादकाची दोन बोटे निकामी झाली होती. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या बनवल्या, त्यांवर चामडे चिकटवले आणि वादन पुन्हा आरंभले. ताठ तारा दुखऱ्या बोटांना सोसेनात, म्हणून त्याने बारीक तारा चढवल्या आणि पुढे १९७१ च्या सुमारास त्या सैल करून त्यांचा स्वर दीड स्वराने खाली आणला. त्यातून जो जड, काळोखा, खर्जातला नाद निघाला, त्यावर ‘ब्लॅक सॅबथ’ या मेळ्याचे आणि त्याच्या मागोमाग ‘हेवी मेटल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवघ्या संगीतप्रकाराचे घर उभे राहिले. आज धडधाकट बोटांचे हजारो वादक आपल्या तारा सैल करतात. एका माणसाची निकड हा दुसऱ्यांचा अलंकार झाला.

कॅनडाची जोनी मिचेल हिलाही नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा हात दुबळा राहिला. प्रचलित पद्धतीने पडदे दाबणे जड जाई, म्हणून तिने गिटार निरनिराळ्या स्वरांत जुळवण्याच्या पन्नासाहून अधिक रीती योजल्या, आणि त्यांतून असे स्वरमेळ निघाले की शास्त्र शिकलेले वादकही बुचकळ्यात पडावेत. दुःखामुळे कला येते असे मी म्हणत नाही. बोटे गमावलेले सर्वच काही आयोमी होत नाहीत. माझे म्हणणे एवढेच, की थोर वादक आपल्या अडचणीला वळसा घालून इतरांच्या हमरस्त्यावर येत नाही. अडचणीतूनच वाट काढतो, आणि ती वाट त्याची एकट्याची असते.

एक आक्षेप येथे घेता येईल. एकट्याच्या स्वराचीच एवढी महती असेल, तर जो मागे राहून साथ करतो त्याचे काय? आक्षेप योग्य आहे, आणि रॉक संगीताच्या बाबतीत विशेषच योग्य आहे, कारण ते मुळात मेळ्याचे संगीत आहे. ‘एसी/डीसी’ या मेळ्यात सर्वांच्या नजरा शाळकरी पोराच्या वेषात रंगमंचभर धावणाऱ्या अँगस यंगवर असत. त्याचा वडील भाऊ माल्कम यंग मागे, ध्वनिवर्धकांपाशी उभा राहून ठेका धरी. १९८० सालची ‘बॅक इन ब्लॅक’ ही ध्वनिमुद्रिका लक्ष देऊन ऐकावी. माल्कमच्या आघातांइतकीच त्या आघातांमधील शांतता नेमकी आहे. तो कोठे थांबतो हे कळले, की बाकीचे चौघे कशावर उभे आहेत ते कळते. उत्तम तबलजी ठेका भरून टाकीत नाही, मोकळा ठेवतो. माल्कम २०१७ साली गेला. श्रेष्ठांच्या गप्पांत त्याचे नाव उशिरा निघते, हा मापाचा दोष आहे.

बीटल्स मेळ्यातील जॉर्ज हॅरिसन याची गोष्ट आपल्या अधिक जवळची. तो १९६६ साली पंडित रविशंकर यांच्याकडे सितार शिकण्यासाठी मुंबईस आला होता, आणि १९६८ च्या जानेवारीत मुंबईतील एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने भारतीय वादकांना घेऊन काम केले. पुढे त्याने आपले मुख्य वाद्य म्हणून पुन्हा गिटारच हाती धरली. पण १९७० नंतर नळी सरकवून तो जी गिटार वाजवू लागला, तिच्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट न तोडण्याची जी काळजी दिसते, ती आपल्याकडच्या तालमीशिवाय आली असेल असे मला वाटत नाही. याच हॅरिसनने १९६८ साली गिटारीच्या रडण्याविषयी एक गाणे रचले. गाणे त्याचे, मेळा त्याचा, वाद्यही त्याचेच. परंतु त्यातील मुख्य वादन त्याने स्वतः केले नाही. गाण्याला जो आवाज हवा तो एरिक क्लॅप्टनच्या हातात आहे असे त्याला वाटले, आणि त्याने मित्राला बोलावून आणून ती जागा त्याच्या स्वाधीन केली. स्वतःच्या गाण्यातली मोक्याची जागा दुसऱ्याला देणारे गिटारवादक किती सापडतील? स्वर कोठे लावू नये आणि कोणी लावू नये, हे कळणे हाही वादनाचाच भाग आहे.

आता ज्याचे नाव या वादात प्रथम निघते त्याच्याकडे येतो. जिमी हेंड्रिक्स १९४२ साली सिएटल शहरात जन्मला आणि १९७० साली लंडनमध्ये, अठ्ठावीस वर्षेही पुरी होण्याआधी, वारला. जग त्याला ओळखू लागल्यापासून त्याला जेमतेम चार वर्षे मिळाली. तोही डावखुरा; उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवी. सभामंडपात ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या फार जवळ आला म्हणजे जी कर्कश शिट्टी निघते, ती आपण सर्वांनी ऐकली आहे. विजेच्या गिटारीतही तसेच होते: कर्ण्याचा आवाज तारेला पुन्हा हलवतो, तारेचा कंप पुन्हा कर्ण्यात जातो आणि हे चक्र थांबत नाही. बीटल्सनी १९६४ साली एका गाण्याच्या आरंभी ही शिट्टी गमतीने वापरली होती. हेंड्रिक्सने तिला स्वरात बांधले; तिला उंच-खाली नेले, वळवले, थांबवले. ज्याला मंडपवाला धावत जाऊन बंद करतो, त्याला त्याने गायला लावले.

१९६९ सालच्या १८ ऑगस्टच्या सकाळी वुडस्टॉकच्या महोत्सवात त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले. महोत्सव लांबत गेल्यामुळे लाखोंच्या समुदायातील बहुतेक लोक तोवर घरी परतले होते. व्हिएतनामचे युद्ध चालू होते, आणि हेंड्रिक्स स्वतः १९६१-६२ मध्ये छत्रीधारी सैनिक होता. राष्ट्रगीताची ओळख पटेल अशी सुरावट त्याने सुरू केली. मूळ गीतात जेथे अग्निबाणांचा आणि बाँबगोळ्यांचा उल्लेख येतो, तेथे गिटार किंचाळू लागली; विमाने झेपावल्याचा, काहीतरी कोसळल्याचा, माणसे ओरडल्याचा भास होऊ लागला. मध्येच मृत सैनिकांना निरोप देताना वाजवतात त्या बिगुलाची धून आली, आणि पुन्हा राष्ट्रगीत. एकही शब्द नाही. काहींना हा राष्ट्राचा अवमान वाटला, काहींना ते युद्धाचे खरे चित्र वाटले. त्याला विचारले तेव्हा आपल्याला ते सुंदर वाटले, अशा अर्थाचे साधे उत्तर त्याने दिले. ते मिनिटभर ऐकणाऱ्याला पुन्हा ते राष्ट्रगीत पूर्वीसारखे ऐकता येत नाही. आणि गिटारही पूर्वीसारखी ऐकता येत नाही.

तेव्हा मला कोणी एकच नाव विचारले, तर मी हेंड्रिक्सचे सांगेन. तो सर्वांत जलद होता म्हणून नव्हे आणि पहिला होता म्हणूनही नव्हे. त्याच्या साऱ्या युक्त्या आज पायाने दाबायच्या छोट्या पेट्यांत विकत मिळतात. पेट्या विकत घेऊन वुडस्टॉकची ती सकाळ कोणाला वाजवता आलेली नाही. माझ्या मापाने त्याच्यापाशी सर्वांत अधिक शिल्लक उरते. हॅरिसन किंवा माल्कम यंग यांचा संयम ज्यांना अधिक मोलाचा वाटतो, त्यांच्याशी मी भांडणार नाही. त्यांचे ऐकून मीही अनेकदा डळमळतो.

राहता राहिल्या याद्या. माझा दिवस सरकारी कचेरीत जातो, त्यामुळे याद्यांशी माझा परिचय जुना आहे. सेवाज्येष्ठतेची यादी आणि गुणांची यादी या दोन निराळ्या वस्तू असतात, हे कचेरीतील नवा कारकूनही सांगू शकतो. पण यादी एकदा छापून भिंतीवर लागली, की लोक ती कशाची आहे हे विचारीत नाहीत, आपला क्रमांक तेवढा शोधतात. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने २००३ साली शंभर श्रेष्ठ गिटारवादकांची यादी छापली. तीत स्त्रिया अवघ्या दोन होत्या. त्याच नियतकालिकाच्या २०११ च्या यादीत क्लॅप्टन दुसरा होता. २०२३ साली अडीचशे नावांची यादी निघाली तेव्हा तो पस्तिसावा झाला. आणि २००३ साली जिचे नावही नव्हते ती सिस्टर रोझेटा थार्प सहावी आली.

ही रोझेटा थार्प कोण? १९१५ साली आर्कान्सा राज्यात जन्मलेली, चर्चमध्ये भजने गाणारी एक कृष्णवर्णीय बाई. विजेची गिटार गळ्यात अडकवून ती भजने गाई, आणि तिच्या भजनांत जो ठेका आणि जी गिटारीची झेप होती, तीच पुढे रॉक संगीत म्हणून ओळखली गेली. १९४७ साली तिने एका पोरसवद्या गायकाला आपल्या कार्यक्रमात रंगमंचावर बोलावले. तोच पुढे लिटल रिचर्ड म्हणून गाजला. १९६४ साली मँचेस्टर येथे एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर, पावसाळी हवेत, कोट घालून तिने केलेल्या वादनाचे चित्रण उपलब्ध आहे. आजही ते पाहावे. १९७३ साली ती फिलाडेल्फियात वारली, आणि तिच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावाचा दगडसुद्धा नव्हता. रॉक संगीताच्या गौरवमंदिरात तिला स्थान मिळाले ते २०१८ साली.

लक्षात घ्या, १९७३ नंतर तिच्या वादनात एका स्वराचीही भर पडलेली नाही. क्लॅप्टननेही २०११ ते २०२३ या काळात आपले जुने वादन पुसून टाकलेले नाही. वादन होते तेथेच राहिले. हलला तो ऐकणारा. म्हणून यादी ही वादकांची परीक्षा नसते, ऐकणाऱ्यांची असते. चर्चमधील बाई गिटारीला पाया घालून देऊ शकते, हे ऐकण्याइतका कान तयार व्हायला जगाला पाऊणशे वर्षे लागली. आणखी कोणाची नावे आज आपल्या कानाआड राहत असतील, याचा विचार प्रत्येक यादी वाचताना मनात असावा.

आणि म्हणूनच जी मुले आज गिटार शिकत आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. बोटे जरूर तयार करा. कच्च्या बोटांनी कोणतेही सत्य बोलता येत नाही. पण कोणाचे वादन हुबेहूब उतरवून झाले, की तेथे थांबून स्वतःला विचारा, की यात माझे काय? उत्तर ‘काही नाही’ असे आले तर घाबरू नका. किंगलाही नळी साधली नव्हती. जे साधत नाही त्याच्यापाशी थोडे थांबून राहावे.

१९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने आकाशात सोडली. सूर्यमालेच्या बाहेर कोणी भेटलेच, तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून प्रत्येक यानावर एक सोनेरी तबकडी ठेवली आहे, आणि तिच्यावर सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत आहे. त्यात चक बेरीचे ‘जॉनी बी. गूड’ आहे, आणि गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. दुसरे यान निघाल्यानंतर अकराच दिवसांनी केसरबाईंनी मुंबईत देह ठेवला. बेरी नव्वद वर्षांचा होऊन २०१७ साली गेला. ती याने आता ताऱ्यांमधील अवकाशात आहेत. तबकडीवर एकामागून एक गाणी आहेत. त्यांना गुण दिलेले नाहीत. ती कधी कोणी ऐकलीच, तर वेगाचे, अग्रमानाचे आणि याद्यांचे कोणतेही ओझे डोक्यावर न घेता ऐकील. आपल्याला इतके मोकळे होणे कठीण आहे. पण आज रात्री एखादी तबकडी लावून, वाजवणाऱ्याचे नाव मुद्दाम न पाहता, दहा मिनिटे ऐकून पाहण्यास काही हरकत नसावी.